‘६० फ्रेम सांगून १६ चा कॅमेरा गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

सर, नमस्कार. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की बॉक्सवर सेकंदाला ६० फ्रेम छापलेला, दुर्बिणीला लावायचा कॅमेरा शनीवर १६ च्या वर जात नाही, ऑनलाइन तो स्वस्त होता आणि दुकानदाराने खोटं बोलून गळ्यात मारला. तुमची रात्र वाया गेली आणि रविवारी आमचा फोन लागला नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. किमतीवर वाद घालत नाही, सोबत काय काय दिलं ते बिलावर आहे. पण ‘खोटं बोलून’ हे शब्द नाशिकमध्ये दुर्बीण घ्यायला निघालेला प्रत्येक माणूस वाचणार. आमचं पोट याच दुकानावर आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट देणं भाग आहे.

तुम्हीच रिव्ह्यूला जोडलेले दोन फोटो बघा. पहिल्यात कॅमेऱ्याला काळी, लांब केबल लावलेली दिसते. ती प्रिंटरची आहे. बॉक्समधली केबल निळ्या तोंडाची होती. कॅमेऱ्याचं सॉकेट दुमजली असतं. प्रिंटरची पिन त्याच्या खालच्या भागात बरोबर बसते, म्हणून शंका येत नाही, पण वरच्या पाच तारा जोडल्याच जात नाहीत आणि यूएसबी ३ चा कॅमेरा यूएसबी २ वर चालतो. लॅपटॉपचं पोर्ट निळं असलं तरी फरक पडत नाही.

दुसरा फोटो शार्पकॅपचा, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचा. त्यात १२८० × ९६० ची पूर्ण फ्रेम, रॉ१६ (प्रत्येक पिक्सेलला १६ बिट) आणि ३० मिलिसेकंद एक्स्पोजर (एका फ्रेमसाठी प्रकाश घ्यायची वेळ) स्पष्ट वाचता येतं. एका फ्रेमचे १२,२८,८०० पिक्सेल, रॉ१६ मध्ये प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे जवळपास २.५ एमबी. यूएसबी २ वर कागदोपत्री ४८० मेगाबिट असले तरी प्रत्यक्षात सेकंदाला ४० एमबीच्या आसपास डेटा जातो. ४० ला २.५ ने भागलं की १६. तुम्हाला दिसलेला आकडा हाच आहे. कॅमेऱ्यात दोष असता तर हिशोब इतका चोख जुळला नसता.

त्याच केबलवर नुसतं रॉ८ (प्रत्येक पिक्सेलला एकच बाइट) केलं असतं तरी फ्रेम दुप्पट झाल्या असत्या. ग्रहांच्या व्हिडिओला रॉ८ पुरतं, कारण गेन (कॅमेऱ्याचा सिग्नल वाढवायचं सेटिंग) वाढवल्यावर खालचे बिट नॉइजनेच भरलेले असतात आणि पुढे शेकडो फ्रेम स्टॅक होणारच (एकावर एक रचून त्यांचा एक फोटो बनणारच) असतात. शिवाय तुमच्या १३० मिमी एफ/५ दुर्बिणीला ३एक्स बार्लो (प्रतिमा तिप्पट मोठी करणारं भिंग) लावल्यावर कड्यांसकट शनी जेमतेम शंभर-सव्वाशे पिक्सेल रुंद दिसतो. बाकीची फ्रेम काळं आकाश आहे, ते साठवून उपयोग काय? आरओआय (फ्रेमचा रेकॉर्ड करायचा तेवढाच भाग) ६४० × ४८० ठेवा. फ्रेम ०.३ एमबीची होते आणि प्रिंटरच्या केबलवरूनसुद्धा शंभरच्या आसपास फ्रेम जायला जागा राहते.

तरीही याच एक्स्पोजरवर शनीवर ६० मिळणार नाहीत, आणि हे कॅमेरा देतानाच सांगितलं होतं. ३० मिलिसेकंदांचा एक्स्पोजर असेल तर सेकंदात ३३ च फ्रेम बसतात, लाखाचा कॅमेरा आणला तरी. ६० साठी एक्स्पोजर १६ मिलिसेकंदांच्या आत हवा. गुरूवर पडणारा सूर्यप्रकाश शनीवरच्या तिपटीहून जास्त आहे, त्यामुळे गुरूला ते सहज जमतं. शनीसाठी गेन वाढवा, नाहीतर ३एक्स काढून २एक्स बार्लो लावा. बिंब लहान होईल, पण सव्वादोन पट उजळ होईल आणि ३० चं काम १३ मिलिसेकंदांत होईल. माझ्या मते तुमच्या दुर्बिणीला शनीवर ३३ स्थिर फ्रेम उत्तम आहेत. तीन मिनिटांत जवळपास सहा हजार होतात, त्यातल्या चांगल्या १५-२० टक्के स्टॅक करा.

अजून एक. रॉ८ मध्ये पूर्ण फ्रेमचे ६० म्हणजे सेकंदाला ७४ एमबी. जुनी हार्ड डिस्क तिथे मागे पडते आणि ‘ड्रॉप्ड फ्रेम’चा (साठवायच्या राहून गेलेल्या फ्रेमचा) आकडा चढू लागतो. एसएसडीवरच रेकॉर्ड करा, मधे यूएसबी हब नको.

बॉक्सवर ६० लिहिताना या अटी छापत नाहीत, हे आम्हालाही खटकतं. आमच्याकडून मराठीत एक माहितीपत्रक द्यायचा विचार आहे, फोनचंही काहीतरी बघतो. शनी ऑक्टोबर २०२६ मध्ये प्रतियुतीला (आकाशात सूर्याच्या बरोबर समोर) येतोय. त्याआधी लॅपटॉप आणि निळी केबल घेऊन दुकानात या, तुमच्यासमोर ६० दाखवतो. नाही दाखवता आले तर पैसे परत. दाखवले, तर सर, तेवढा ‘खोटं’ हा शब्द काढा.