प्रार्थनेच्या यादीत न येणारा आजार

जय ख्रिस्त.

आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी उपदेशाआधी प्रार्थनेचे विषय वाचले जातात. कोणाची बायपास, कोणाचे डायलिसिस, कोणाच्या नातवाचा डेंग्यू, सगळे नावानिशी. पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर असताना सात वर्षे मी ही यादी स्वतः वाचली आहे, आणि त्या सात वर्षांत नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया हे शब्द तिच्यात एकदाही आले नाहीत. अशा घरांसाठी ‘एका कुटुंबाची विशेष विनंती’ असे म्हणायची रीत आहे. तसे म्हटले की निम्म्या माना मागे वळतात. हे मला पक्के ठाऊक आहे, कारण एके काळी ते कुटुंब आमचे होते.

त्याच्या दोन वर्षे आधी वडिलांचे खुब्याचे हाड मोडले होते. तेव्हा महिला संघाने वार वाटून घेतले आणि तीन आठवडे आमच्याकडे दोन्ही वेळचे डबे आले. कोणता डबा कोणाचा हे कळावे म्हणून बुडाला नेलपॉलिशने आद्याक्षरे घातलेली असत. डबा रिकामा परत करू नये म्हणून आई त्यात मूठभर शेंगदाणे घालून पाठवी. तरुण संघातली मुले आळीपाळीने रात्री दवाखान्यात झोपली.

मग धाकट्या बहिणीला बाळंतपणानंतर नैराश्याने गाठले. ती चार-चार दिवस केस विंचरत नसे. बाळ रडायला लागले की भिंतीकडे पाहत बसे. माणसे तेव्हाही आली, पण डबा कोणी आणला नाही. अभिषेकाचे तेल आणले, उपास-प्रार्थनेचे वेळापत्रक आणले, घरात काही लपवलेले पाप आहे का याची चौकशी आणली. बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून, विश्वास असेल तर ही गोळी आजच फेकून दे, असे सांगितले. तिने ती फेकली. पुढचे दीड महिने आम्ही कसे काढले ते इथे लिहीत नाही. (त्याच उपदेशकांनी आमच्याकडे जेवणाआधी स्वतःची मधुमेहाची गोळी घेतली होती. पाण्याचा पेला मीच दिला होता.) औषध पुन्हा सुरू झाले, हळूहळू ती सावरली, आणि आज तिला विचारूनच मी हे लिहितो आहे.

प्रार्थनेने काही होत नाही असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्या दीड महिन्यात माझ्या आईला उभे ठेवले ते प्रार्थनेनेच. माझी तक्रार एवढीच आहे की, हाड मोडलेल्या माणसाशी कसे वागावे हे ज्या मंडळीला उत्तम कळते, तीच मंडळी मन मोडलेल्या माणसापुढे ते सगळे विसरते आणि नुसते सल्ले घेऊन जाते. बायबलमधल्या १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देवदूत त्याला विश्वासावर व्याख्यान देत नाही. त्याला झोपू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. ‘तू येथे काय करतोस’ हा प्रश्न देव विचारतो, पण तो चाळीस दिवसांनंतर, होरेबच्या गुहेत. आम्ही मात्र पहिल्याच भेटीत प्रश्नाने सुरुवात करतो.

आणि हे आपल्या परंपरेला परकेही नाही. मिरजेला १८९४ मध्ये डॉ. वॉन्लेस यांनी उभारलेल्या मिशन हॉस्पिटलचा आपल्याला अभिमान वाटतो. आपल्यातल्या कितीतरी घरांत एखादी नर्स असतेच. पण स्टॅन्ले जोन्स यांच्यासारख्या नावाजलेल्या मिशनऱ्याचे मन भारतातल्या पहिल्या काही वर्षांत वारंवार कोलमडले होते, हे त्यांनी स्वतः सांगितले होते आणि पुढे १९५० मध्ये लखनौला ‘नूर मंजिल’ हे मनोरुग्णांसाठीचे केंद्र त्यांनीच सुरू केले, ही गोष्ट मी आजवर एकाही उपदेशात ऐकलेली नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रात तर रुग्णासोबत घरचे माणूस राहते आणि तेही उपचाराचाच भाग मानले जाते. सोबत राहणे हे काम मंडळीला डॉक्टरांपेक्षा जास्त जमायला हवे.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी, ती साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते मंडळीसमोर सांगण्याची. बहीण जरा हसू-बोलू लागली तशी, पुढे येऊन साक्ष दे, अशी गळ सुरू झाली. साक्षीचा साचा ठरलेला असतो: मी अंधारात होते, प्रभूने स्पर्श केला, आता पूर्ण बरी आहे. नैराश्य परत येऊ शकते. एकदा ‘पूर्ण बरी’ असे सर्वांसमोर बोललेल्या बाईने दुसऱ्या खेपेला कोणाकडे जायचे? तिने नकार दिला, त्यावरूनही बोलणी झाली. स्तोत्र ८८ अंधाराच्या शब्दावरच संपते, त्यात सुटकेची ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, एवढे मी त्या मंडळींना सांगून पाहिले.

गेल्या वर्षी मी कमिटीत हा विषय मांडला. वेदीवरून कोणीही कोणाचे औषध बंद करायला सांगू नये आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सूचनाफलकावर लावावा, हे दोन्ही फारशी चर्चा न होता मंजूर झाले. यादीत आजाराचे नाव वाचण्यावर मात्र एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “नाव वाचल्यावर त्या घरातल्या मुलीचे लग्न कोण जमवणार, तुम्ही?” मला राग आला, पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ज्याला नाव सांगायचे नाही त्याचे नाव वाचायचा मला काय अधिकार?

शेवटी यादी आहे तशीच राहिली आणि महिला संघाच्या कपाटात एक वही आली. तिच्यात फक्त घर आणि वार लिहायचा. आजार लिहायचा रकानाच ठेवलेला नाही. आत्तापर्यंत चार घरे झाली आहेत. सध्याच्या घरात कोणाला काय होते आहे ते मला माहीत नाही. आमच्याकडे मंगळवार आहे.