रक्ताचे वाटे घालताना

घरात बाळ वेळेआधी जन्मलं, दीड किलोचं भरलं आणि डॉक्टर म्हणाले रक्त द्यावं लागेल, तर आधी एक करा. शाळेतलं गणित विसरा. भागाकार तर अजिबात आठवू नका. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पण बिलाच्या खिडकीपुढं भागाकार करणारा माणूस एकाही दवाखान्याला आवडत नाही.

माझ्या पुतण्याच्या लेकीचं सांगतो. एवढ्याशा जिवाला किलोमागं १० ते १५ मिली तांबड्या पेशी पुरतात. तिला एका वेळी २० मिली दिल्या, म्हणजे खोकल्याच्या औषधाचे चार चमचे. मोठ्या पिशवीत त्याच्या कितीतरी पट असतं, आणि पिशवीला एकदा बाहेरची हवा लागली की २४ तासांत वापरायची, नाहीतर टाकायची. म्हणून रक्तपेढीत मूळ पिशवीला जोडलेल्या चिमुकल्या पिशव्यांमध्ये हवा न लागू देता वाटे घालतात. बाळाला पुन्हा रक्त लागलं तर त्याच दात्याचं मिळतं, नव्या दात्याची जोखीम टळते. काम हुशारीचं आहे, त्याचे पैसे जरूर घ्यावेत. (हे वाक्य उपरोधाचं नाही. पुढची सगळी आहेत.)

तर बिल हातात आलं की घाबरू नका, कौतुकानं वाचा. आमच्या बिलात तांबड्या पेशी चार वेळा होत्या, दर वेळी १५५० रुपये, खाली 'विभाजन शुल्क', तेही चार वेळा. आता तुम्हाला उगाच आठवेल की आपल्याकडं रक्त विकता येत नाही, फक्त प्रक्रियेचा खर्च घेता येतो आणि खासगी रक्तपेढीला तांबड्या पेशींच्या एका युनिटमागं १५५० हीच कमाल मर्यादा आहे. मग मर्यादा पाळलीच की! प्रत्येक वाट्याला पाळली. मंडईत कोथिंबिरीची पेंडी सोडून चार वाटे मांडणाऱ्या मावशींना ही युक्ती अजून सुचलेली नाही, कुणी सुचवूही नका.

दात्याच्या रक्ताच्या एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग, मलेरिया या पाच तपासण्या एकदाच होतात. वाटे घातल्यावर तेच रक्त चौपट तपासलं जातं, निदान कागदावर तरी. इतकी काळजी सख्खे घेत नाहीत.

खिडकीतल्या पोराला मी विचारलं, "अरे, पिशवी एकच होती ना?"

"काका, सिस्टीमला चार युनिट दिसतात."

सिस्टीमशी वाद घालू नका. अमेरिकेत बघा, रक्त विभागून देण्याला ८६९८५ असा स्वतंत्र बिलिंग कोड आहे. आपल्याकडं कोड नसेना का, हौस दांडगी आहे.

"पण दिलं तीनदाच. चौथी पिशवी?"

"ती तुमच्यासाठी राखून ठेवलेली."

इथं डोळ्यांत पाणी येऊ द्या. आपल्यासाठी इतकं कोण राखून ठेवतं?

शेवटचा सल्ला बदली रक्तदात्यांचा. तशी सक्ती करायची नाही असा नियम आहे, म्हणून दवाखाना फक्त सुचवतो. चार युनिट वापरलीत, तेव्हा चार जण आणा. पुतण्यानं तालमीतली चार पोरं आणली. प्रत्येकानं ३५० मिली दिलं, एकूण १४०० मिली. बाळाच्या अंगात गेलं ६० मिली. (सांगितलं होतं ना, गणित विसरा.)

पोरांना मी बाहेरच्या टपरीवर नेलं, दोन चहा चौघांत सांगितले. टपरीवाल्यानं कप विसळून चार मांडले, नेमके सारखे भरले आणि पैसे दोन चहाचेच घेतले. त्याच्याकडं अजून सिस्टीम आलेली नाही.