पाच दिवसांचा देश आणि सह्यांविना झालेलं विलीनीकरण

"हर्गेसाच्या, म्हणजे उत्तरेकडच्या ब्रिटिश सोमालीलँडच्या राजधानीतल्या लोकांना दक्षिणेशी एकत्र यायचंच होतं," मास्तरांनी सुरुवातीलाच ठणकावून सांगितलं. "ब्रिटिश सोमालीलँड 26 जून 1960 ला स्वतंत्र झालं, इटलीच्या ताब्यातला दक्षिण भाग 1 जुलैला, आणि त्याच दिवशी दोन्ही एक होऊन सोमालिया झाला. भाषा एक, धर्म एक, उंट राखायची रीत एक. झेंड्यावरच्या ताऱ्याला पाच टोकं का? तर सोमाली माणूस पाच ठिकाणी वाटला गेला होता. ब्रिटिश भाग, इटालियन भाग, फ्रेंचांचं जिबुती, इथिओपियातला ओगादेन आणि केनियाचा उत्तरेकडचा पट्टा. आधी दोन जुळले तर बाकीचे तीनही येतील, ही आशा खरी होती."

"आशेबद्दल वाद नाही, मी कागद विचारतोय," वकील म्हणाला. "27 जूनला हर्गेसाच्या विधिमंडळानं विलीनीकरणाचा कायदा केला. मजकूर कराराचा, म्हणजे दोघांच्या प्रतिनिधींनी सह्या करायच्या. त्या झाल्याच नाहीत. 30 जूनला दक्षिणेच्या राजधानीतल्या, मोगादिशूच्या सभेनं दुसराच मसुदा पुढे घेतला, तोही फक्त तत्त्वतः मान्य. 1 जुलैला दोन्ही सभा एकत्र बसल्या, राष्ट्राध्यक्ष निवडला आणि कारभार सुरू. खरा कायदा आला 31 जानेवारी 1961 ला, 1 जुलैपासून लागू समजावा असं लिहून. मग मधले सात महिने देश कशावर चालला?"

"लोकांच्या इच्छेवर."

"इच्छा कोर्टात दाखल करता येत नाही, मास्तर. डिसेंबर 1961 मध्ये उत्तरेतल्या तरुण अधिकाऱ्यांनी बंड केलं. इंग्लंडमध्ये शिकून आलेली पोरं, वर बसवलेले वरिष्ठ दक्षिणेतले. बंड लगेच मोडलं. पण खटल्यात इंग्रज न्यायाधीशानं त्यांना सोडून दिलं, कारण विलीनीकरणाचा वैध कायदाच नव्हता. ज्या राज्याविरुद्ध बंड केलं, तेच कागदावर सिद्ध होईना."

हिशेबनीस इतका वेळ गप्प होता. त्याचं म्हणणं मला सगळ्यात पटलं, म्हणून सविस्तर लिहितो. तो म्हणाला, वरचे कागद राहू द्या, खालची फाइल बघा. हर्गेसाचा कारकून इंग्रजीत टिपण लिहिणार, मोगादिशूचा साहेब इटालियन वाचणार. दोघं बोलतात सोमाली, पण सोमाली लिहायची कशात? अरबी लिपीत, रोमन लिपीत की सोमालीसाठीच तयार केलेल्या उस्मानिया लिपीत, हे भांडण 1972 पर्यंत मिटलं नाही. तोवर प्रत्येक कागदाला दुभाष्या. पगारश्रेणी दोन, जकातीचे दर दोन, जमाखर्च मांडायच्या पद्धती दोन, सुरुवातीला चलनंही दोन. हे जुळवायला संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं सल्लागार आयोग नेमला, तोही लग्न लागून गेल्यावर.

"आणि कायदे!" वकिलाला राहवेना. "उत्तरेत आपला भारतीय दंड संहितेचा कायदा चालायचा. सुरुवातीला तो मुलूख एडनमार्फत चालायचा आणि एडन होतं मुंबई इलाख्यात. दक्षिणेत सगळं इटालियन. शेवटी गुन्ह्यांची व्याख्या इटालियन धर्तीवर घेतली, 1964 पासून लागू केली, आणि खटला चालवायची रीत घेतली भारतीय. दोन वेगळ्या शाळांत शिकलेले वकील एकाच कोर्टात उभे."

"जागांचं बोला," हिशेबनीस म्हणाला. "123 च्या सभेत उत्तरेचे 33. राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान दोघंही दक्षिणेतले, राजधानी मोगादिशू, हर्गेसाहून सरळ रेषेत 800 किलोमीटरच्या पुढे. उत्तरेचे पाच दिवस पंतप्रधान असलेले एगाल नव्या सरकारात साधे मंत्री. यातली कुठलीही गोष्ट आधी अट म्हणून मागता आली असती. राजधानी आलटून पालटून, सैन्यातली ज्येष्ठता, दुसऱ्या सभागृहात समान जागा. त्यांनी काहीच मागितलं नाही."

"पाच दिवसांत काय मागणार?" मास्तर तापले.

"म्हणूनच पाच दिवस नको होते. एप्रिलमध्येच त्यांच्या विधिमंडळानं ठराव केला की 1 जुलैला दक्षिणेशी एक होता येईल अशा बेतानं स्वातंत्र्य द्या. तारीख दक्षिणेच्या सोयीची. अटी मात्र कुणी लिहिल्या नाहीत. स्वतंत्र राज्य म्हणून हातात जी काही वजनदार गोष्ट होती, ती 1 जुलैला संपली."

मास्तर जरा थांबले. मग स्वतःहूनच म्हणाले, की 20 जून 1961 च्या घटनेवरच्या सार्वमतात उत्तरेतल्या मोठ्या पक्षानं बहिष्कार टाकला होता, आणि जे मतदानाला गेले त्यातलेही निम्म्याहून अधिक विरोधात गेले. "एका वर्षात एवढा उत्साह आटला, हे मात्र मला आजही लागतं."

"आणि 18 मे 1991 ला उत्तर वेगळी झाली," वकील म्हणाला, "तेव्हा त्यांनी नवी सीमा आखली नाही. 26 जून 1960 ची होती, तीच पुढे ठेवली."