अंडरडार्कला तळघर समजू नका

ग्वाल्हेरात डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायचा कल्पनारम्य खेळ खेळणाऱ्या आम्हा मराठी मंडळींत सध्या एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अंडरडार्क, म्हणजे या खेळातलं जमिनीखालचं जग, हे ग्वाल्हेर किल्ल्यातल्या मानमंदिर महालाची तळघरंच, फक्त अवाढव्य. डार्कव्हिजनवालं, म्हणजे अंधारात दिसणारी नजर असलेलं, पात्र घेतलं की मशालसुद्धा लागत नाही. तिथले सगळे जन्मजात दुष्ट, तेव्हा बोलत बसू नका, दिसेल त्याला कापा. आणि म्हणूनच नवख्या डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी कथा, तिथून सुरू करावं. इथल्या लष्कर भागातली नवी पोरं हे सगळं प्रमाण मानून खेळायला बसतात आणि एका उत्तम जागेचं मातेरं होतं. म्हणून हे लिहितोय.

आधी तळघराचं बघू. राजा मानसिंह तोमरांच्या मानमंदिराखाली दोन मजले आहेत. मोगल काळात तिथे कैदी ठेवत. त्या कैद्यांचं अन्न, पाणी, पहारा, सगळं वरून येई. तळघर असंच असतं, वरच्या वाड्याच्या जिवावर. अंडरडार्कला वरच्या जगाची गरजच नाही. फरगॉटन रेल्म्स या खेळातल्या काल्पनिक जगात त्याचे तीन थर मानतात: साधारण 3 मैल खोलीपर्यंत अप्परडार्क, 10 मैलांपर्यंत मिडलडार्क आणि त्याखाली लोअरडार्क. मेन्झोबेरान्झन या ड्राउंच्या (पाताळात राहणाऱ्या एल्फ जमातीच्या) शहरात तळ्यातल्या बेटावर रोथे नावाची गुरं पाळतात. सूर्य नाही, म्हणून नार्बोंडेल नावाचा दगडी खांब जादूनं तापवतात आणि त्यात उष्णता किती वर चढली यावरून वेळ ओळखतात. झुर्कवुड या राक्षसी अळंबीचे दांडे लाकडासारखे वापरतात. 1978 मध्ये खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सनं या पाताळात नेणारी पहिली साहसं छापली, तेव्हाच नकाशात मुख्य, दुय्यम आणि त्याहून अरुंद अशा वाटांचं जाळं होतं. खोल्या आणि दारं मोजत पुढे सरकण्यापेक्षा तो मुलखातला प्रवास होता.

डार्कव्हिजनचा गैरसमज तर पात्रांच्या जिवावर बेततो. 2014 च्या नियमांत डार्कव्हिजननं अंधार मंद उजेडासारखा दिसतो, तोही फक्त करड्या छटांत. मंद उजेडात नजरेवर अवलंबून असलेल्या परसेप्शनला (आसपासचं हेरण्याच्या कौशल्याला) डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा, आणि पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे फासा न टाकता धरला जाणारा आकडा, 5 नं खाली. मशाल न पेटवता चालणाऱ्या टोळीला सापळे आणि दबा धरून बसलेले शत्रू दिसत नाहीत ते यामुळेच. शिवाय साध्या एल्फ किंवा ड्वार्फ (बुटक्या जमातीच्या) पात्राला 60 फुटांपर्यंत दिसतं, ड्राउला 120. त्याच्या हातातल्या छोट्या क्रॉसबोचा लांबचा पल्लाही 120 फूटच. लांबून मारताना त्याला डिसॲडव्हांटेज लागतो खरा, पण तुम्हाला तो दिसतच नाही, त्याचा ॲडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा) मिळून हिशेब बरोबरीत सुटतो. बाणाला वीष असतं ते वेगळंच. मशाल पेटवावी तर रंग दिसतात, बारकावे दिसतात, पण मैलभरावरच्यालाही तुम्ही दिसता. पेटवायची की नाही, हा पेच प्रत्येक वळणावर उभा राहतो आणि खरी मजा त्यातच आहे. ती एका ओळीच्या सल्ल्यानं कशाला मारायची?

राहिला दुष्टपणा. स्विर्फनेब्लिन, म्हणजे खोल पाताळातले बुटके नोम, मुळात भले आणि बुजरे लोक. मायकोनिड, म्हणजे चालतीबोलती अळंबी माणसं, बीजाणू सोडून मनातलं बोलतात आणि त्यांना शांतता हवी असते. 2023 च्या बाल्डर्स गेट 3 या व्हिडिओ गेममध्येही त्यांच्या वसाहतीत बोलणी करून आसरा मिळतो. तिथे शिरताच तलवार उपसणारा खेळाडू बरंच काही गमावतो. ड्युएर्गारांचे (पाताळातल्या ड्वार्फांचे) पूर्वज माइंड फ्लेअर या मनावर ताबा मिळवणाऱ्या राक्षसांचे गुलाम होते, त्यांचा कडवटपणा तिथून आला. आणि ड्राउ? मेन्झोबेरान्झनमध्ये एका घराण्यानं दुसऱ्याचा निर्वंश केला तर शिक्षा नाही, मात्र उमरावांपैकी एकही साक्षीदार जिवंत उरता कामा नये. असा कायदा आणि वर लोल्थ या ड्राउंच्या क्रूर देवीच्या पुजारणींचा धाक असेल, तर माणसं कशी घडतील? त्याच समाजातून 1988 पासून वाचकांना माहीत असलेला कादंबऱ्यांचा ड्राउ नायक ड्रिझ्ट बाहेर पडला, आणि आयलिस्ट्रे ही ड्राउंचीच चांगुलपणाची देवी आहे. हा खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनंही 2020 मध्ये जाहीर केलं, की ड्राउंना इतर लोकांइतकंच गुंतागुंतीचं दाखवायचं. मला हे फार मोलाचं वाटतं. रक्तावरून माणसाची पारख करणारा खेळ मला माझ्या टेबलावर नको.

नवख्या डीएमबद्दल एवढंच: तिथे फेर्झ्रेस नावाची जादुई ऊर्जा असते, त्यात टेलिपोर्ट, म्हणजे क्षणात दुसरीकडे नेणारा मंत्र, फसू शकतं, दूरदर्शनाची मंत्रविद्याही दगा देऊ शकते. पाणी, शिधा, वाटाड्या, परतीचा मार्ग, सगळं स्वतः सांभाळावं लागतं. पहिल्याच कॅम्पेनला हे झेपवायचं असेल तर आधी एकच गाव निवडा, समजा नोमांचं ब्लिंगडेनस्टोन, आणि तिथले लोक काय खातात, कुणाला घाबरतात, बाहेरच्यांकडून काय विकत घेतात एवढं लिहून ठेवा. पहिल्या सेशनला खेळाडूंना त्या गावाच्या वेशीवर आणा. पहारेकरी आधी हत्यारं खाली ठेवायला सांगतील.