१ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: दादा, तुमच्याच फोटोत मोळी आहे

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. एप्रिलमध्ये मासे जमावेत म्हणून धोम धरणाच्या पाण्यात बाभळीच्या फांद्यांच्या ५ मोळ्या दगड बांधून सोडल्यात, मग त्या शोधायला आमच्याकडून फिश फाइंडर, म्हणजे आवाजाच्या लाटेने पाण्याखालचं दाखवणारं मशीन, घेतलात, दोन रविवार होडी फिरवलीत आणि एकही मोळी सापडली नाही. मशीन खोटं, दुकानदाराने फसवलं, असं तुम्ही लिहिलंय. सोबत स्क्रीनचा फोटो टाकलाय, "बघा, नुसता तळ" म्हणून.

तो फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. तळाची जाड रेघ ३१ फुटांवर आहे. तिच्या वर, २७ फुटांच्या आसपास, एक खरबरीत पट्टा सुरू होतो तो थेट उजव्या कडेपर्यंत जातो. तुम्ही त्यालाच तळ धरलंत. माझ्या मते ती तुमची मोळी आहे.

या पडद्यावर समोरचं चित्र दिसत नाही. उजवी कड म्हणजे आत्ता होडीखाली काय आहे ते, आणि डावीकडे सरकत गेलेलं सगळं मघाचं. होडी चालती असेल तर मोळीवरून जाताना तळातून झुडूप उगवावं तसा ठिपक्यांचा झुपका उमटतो आणि मागे सरकतो. होडी उभी असेल तर मशीन तीच मोळी पुन्हा पुन्हा काढत राहतं आणि झुडपाची लांबलचक पट्टी होते. तुम्ही नांगर टाकून थांबला असणार. पट्ट्याच्या वर दोन बारीक आडव्या रेघा आहेत, ते बहुतेक मोळीला धरून थांबलेले मासे.

खात्री करावी म्हणून आज सकाळी तुमच्याच मॉडेलचं मशीन घेऊन कण्हेर धरणावर गेलो. बाभळीची एक मोळी दोरीने सोडली. सावकाश वल्हवत वरून गेलो तर झुपका आला. वर थांबलो तर बघता बघता तुमच्या फोटोतला तसाच पट्टा तयार झाला. मोळी परत ओढून घेतली.

आता आमची चूक. आमच्या काउंटरवरच्या मुलाने "२०० फुटांपर्यंत दिसतं" असं सांगितलं, ते खोलीबद्दल होतं. तुम्ही ते चौफेर २०० फूट असं समजलात. कोणीही समजलं असतं. मुलाला मीच नीट शिकवलं नव्हतं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आवाजाची लाट होडीखाली सुळक्यासारखी पसरत जाते. २०० किलोहर्ट्झवर तुमच्या मशीनचा कोन २० अंशांचा आहे. म्हणजे १२ फूट पाण्यात तळावरचं जेमतेम ४ फुटांचं वर्तुळ दिसतं, ३० फूट पाण्यात साधारण साडेदहा फुटांचं. एका लहान खोलीएवढी जागा. त्याच्या बाहेर हातभर जरी मोळी असली तरी पडद्यावर बहुधा नुसता तळच दिसणार. आणि मोबाइलमध्ये टाकलेली लोकेशनची पिन मोकळ्या आभाळाखालीही चार-पाच मीटर इकडेतिकडे होते. पिनवर बरोबर उभं राहूनही मोळी चुकू शकते ती यामुळे.

शिवाय एप्रिलात तुम्ही दोन माणसांच्या उंचीएवढ्या खोल पाण्यात मोळ्या सोडल्यात. पावसाने धरण भरलं, खुणेची बाभळ बुडाली, काठ आत सरकला. जिथे मोळ्या असतील असं डोळ्यांना वाटतं तिथे त्या नाहीतच.

म्हणून पिनच्या आसपास गोल गोल फिरू नका. पाभरीने पेरताना घेतो तसे सरळ तास, म्हणजे ओळी, घ्या, दोन ओळींत ७-८ फुटांपेक्षा जास्त अंतर नको, वेग चालत्या माणसाएवढा. माशाचं चिन्ह दाखवणारी सेटिंग बंद ठेवा, ती फांदीलाही मासा म्हणते. ट्रान्सड्युसर, म्हणजे आवाजाची लाट सोडणारा भाग, पाण्यात सपाट, तोंड सरळ खाली. तो तिरपा झाला की सुळका भलतीकडेच जातो. झुपका दिसला की लगेच मशीनमध्येच खूण टाका आणि काठावरच्या, पाणी न पोहोचणाऱ्या उंच खुणाही धरा. एखादं घर आणि त्यामागे कमळगडाचं टोक एका रेषेत, दुसऱ्या बाजूला तशीच आणखी एक जोडी. या खुणा पाणी चढलं-उतरलं तरी हलत नाहीत.

यासाठी दोन्ही बाजूंना बघणारं साइड इमेजिंगचं महाग मशीन घ्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ५ मोळ्यांसाठी आहे ते पुरतं.

एक विनंती मात्र आहे. पुढच्या मोळ्या टाकण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेच्या माणसांना विचारा आणि त्यांच्या जाळ्याच्या वाटेत टाकू नका. बाभळीच्या काट्यांत जाळं अडकून फाटलं की त्यांची त्या दिवसाची कमाई जाते, वर जाळ्याचा खर्च वेगळा.

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता मी धोमला येतो. तुमच्याच मशीनवर, तुमच्याच होडीतून शोधू. दुपारपर्यंत एकही मोळी सापडली नाही तर पूर्ण पैसे तिथेच परत, पावती नसली तरी चालेल. रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही, तो तुमचा अधिकार. फक्त शनिवारी रात्री बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा. ट्रान्सड्युसरचा नवा क्लॅम्प मी घेऊन येतो.