एक-चारवरून पाच-चार: तिस्कावरचा वाद

वाद पेटला तो धाकट्याच्या एका वाक्यावरून. "मेस्तकाकांचं नशीब जोरावर होतं, बाकी काही नाही."

धाकटा म्हणजे आमच्या कट्ट्यावरचा सगळ्यात लहान मेंबर, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. रविवारी पूल पार्लरमध्ये मेस्तकाकांशी त्याची पाचची रेस होती, म्हणजे आधी पाच रॅक (डाव) घेईल तो जिंकला. खेळ एट-बॉल: आपले सातही बॉल घालून मग ब्लॅक घालायचा. हा ४-१ पुढे होता आणि ४-५ हरला. गोव्यात, फोंड्याच्या तिस्क नाक्याजवळ पातळ भाजी-पाव खात उभे होतो, पावसाने जरा उघडीप दिली होती, त्यामुळे घरी जायची कुणालाच घाई नव्हती.

मास्तर गणिताचे. त्यांनी लगेच हिशेब मांडला. "दोघं तोडीस तोड धरले, तर सलग चार रॅक घेणं सोळात एकदा जमतं. मेस्त तुझ्यापेक्षा सरस आहेत म्हणून दहातले सहा रॅक त्यांचे धरू. तरी आठात एखाद्या वेळीच."

"म्हणजे नशीबच की!"

"नशीब कसं? आठ रविवारी आठ जण असे मागे पडले तर त्यातला एखादा परतायचाच. तो परतला की तुम्ही तेवढं लक्षात ठेवता, बाकीचे सात विसरता."

मेस्त काही बोलले नाहीत. ते सुतारकाम करतात, बोलणं कमीच. पण मला गप्प बसवेना. मास्तरांचा आकडा बरोबर आहे, पण तो सामन्याच्या बाहेर उभा राहून काढलेला आकडा आहे. टेबलावर काय झालं ते त्यात येत नाही, आणि रविवारी जे झालं ते टेबलावरच झालं.

सहावा रॅक घ्या. ४-१ असताना ब्रेक (बॉल फोडणारा पहिला शॉट) धाकट्याचा, कारण तिथे जिंकणाराच पुढचा ब्रेक करतो. त्याला सॉलिड (एकरंगी बॉल) मिळाले आणि त्याने पाच बॉल धडाधड घातले. बघणारे टाळ्या वाजवायला लागले. राहिले दोन. त्यातला एक लांबच्या कुशनला (टेबलाच्या कडेला) चिकटलेला, आणि त्याच्या पुढ्यात मेस्तांचे दोन स्ट्राइप (पट्ट्यांचे बॉल). ब्लॅक कोपऱ्याजवळ होता, पण त्या पॉकेटच्या तोंडाशीही मेस्तांचाच बॉल. मेस्तांचे सातही बॉल टेबलावर. बघणाऱ्याला वाटलं, पाच विरुद्ध शून्य, खेळ आटोपला. मला तर तेव्हाच वाटलं होतं की हा रॅक धाकट्याच्या हातून निसटला. त्याच्यापाशी मारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एक पातळ कट मारला, चुकला, आणि खुर्चीत जाऊन बसला.

मेस्त उठले तेव्हा टेबलावर अडथळा म्हणावा असे फक्त दोन सॉलिड होते. मोकळ्यातले चार स्ट्राइप त्यांनी आधी घेतले, मग कुशनजवळची जोडी एकेक करून सोडवली. पॉकेटच्या तोंडाशी असलेला शेवटपर्यंत हलवला नाही. तो घातला आणि त्याच पॉकेटात ब्लॅक.

"पण माझे पाच गेले होते, तुमचा एकही नव्हता!" धाकट्याला ते अजून पचलेलं नाही.

"तू माझी वाट मोकळी केलीस, बाबा," मेस्त म्हणाले.

हे कळायला हवं. एट-बॉलमध्ये किती बॉल गेले हा स्कोअर नव्हेच. उरलेले बॉल आडवे येतात, पॉकेट अडवतात, समोरच्याचा ब्लॅक झाकतात. सगळं संपवता येणार नसेल तर पाच घालणं म्हणजे समोरच्याचं टेबल झाडून देणं. चिकटलेला गुंता सोडवायचा तो हाताशी एखादा सोपा बॉल राखून, म्हणजे गुंता फुटला नाही तरी पुढचा शॉट उरतो. धाकट्याने सोपे सगळे आधी संपवले आणि अवघड तेवढं मागे ठेवलं.

मास्तर मग त्यांच्या आवडीच्या गोष्टीवर आले: १९८५ची वर्ल्ड स्नूकर फायनल, शेफील्डचं क्रुसिबल थिएटर. ३५ फ्रेमचा (डावांचा) सामना, डेनिस टेलर स्टीव्ह डेव्हिसच्या मागे ०-८. तिथून १७-१७. शेवटच्या फ्रेममध्ये चार रंगीत बॉल उरले तेव्हा गुण डेव्हिस ६२, टेलर ४४. चारही घातले तरच जिंकणार. टेलरने ब्राउन, ब्लू, पिंक घातला, ६२-५९ झाले, आणि उरला ब्लॅक. दोघांनीही त्यावर संधी गमावली, डेव्हिसचा पातळ कट हुकला, मग टेलरने तो घातला. अख्ख्या सामन्यात तो पहिल्यांदा पुढे गेला तो त्या शेवटच्या बॉलवर. मास्तर हे सांगताना हातातला पाव खायचा विसरतात, आणि मला ते ऐकायला दर वेळी आवडतं.

पण तेच उदाहरण मास्तरांच्या विरुद्ध जातं, असं मी म्हटलं. ३५ फ्रेमच्या सामन्यात ०-८ म्हणजे अजून पुष्कळ खेळ बाकी असतो. १९९२ला त्याच फायनलमध्ये जिमी व्हाइट १४-८ पुढे होता, स्टीफन हेन्ड्रीने ओळीने दहा फ्रेम घेऊन १८-१४ केलं. रेस लांब असली की सरस खेळाडूला सावरायला जागा मिळते. १९९६ला हाँगकाँगमध्ये एफ्रेन रेयेस आणि अर्ल स्ट्रिकलँड नाइन-बॉलची (पूलचाच दुसरा प्रकार) १२०ची रेस तीन दिवस खेळले, रेयेस १२०-११७ जिंकला. एवढ्या लांबीत दहा रॅकची पिछाडीसुद्धा भरून निघू शकते. पाचच्या रेसमध्ये १-४ झालं की तशी जागा नसते. म्हणून मेस्तांचं परतणं मला मोठं वाटतं.

"विनर ब्रेक होता म्हणून झालं," धाकटा म्हणाला. "शेवटचे तीन रॅक त्यांचेच ब्रेक. मी बसून बसून थंड पडलो."

"आणि तुझे ४-१ कुणाच्या ब्रेकवर झाले?" मास्तर.

यात मात्र धाकट्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. स्नूकरमध्ये ब्रेक आळीपाळीने असतो आणि ब्रेक करणाऱ्याला त्यातून फारसं काही मिळत नाही. पूलमध्ये ब्रेक हे हत्यार आहे, एकेक रॅक तिथूनच संपतो. विनर ब्रेकमध्ये आघाडी झपाट्याने वाढते आणि तितक्याच झपाट्याने वितळते. आळीपाळीने असता तर मेस्तांना चारपैकी दोन रॅक धाकट्याच्या ब्रेकवर काढावे लागले असते. शिवाय या खेळात खुर्चीत बसलेल्याला काहीच करता येत नाही. क्रिकेटमध्ये निदान फील्डिंग असते.

तरीही सामना फिरला तो ब्रेकवर नाही. ४-३ला मेस्तांच्या ब्रेकवर काहीच गेलं नव्हतं. धाकट्याने दोन घालून एक सोडला. मेस्तांसमोर मधल्या पॉकेटचा एक बॉल होता, फिफ्टी-फिफ्टी म्हणावा असा. मागे असलेला माणूस तो मारतोच. मेस्त वाकले, सरळ झाले, क्यूला चॉक लावला, आणि व्हाइट हळूच ढकलून स्वतःच्याच एका स्ट्राइपला घासून त्याच्या मागे नेऊन ठेवला. तो स्ट्राइप कुशनला टेकला, शॉट कायदेशीर. पार्लरमधल्या पोरांनी "अरे, मारा ना!" म्हणून गलका केला. धाकट्याला त्याच्या एकाही बॉलकडे सरळ वाट उरली नाही. कुशनवरून प्रयत्न केला, लागला नाही. फाऊल, बॉल इन हँड, म्हणजे मेस्तांना व्हाइट हवा तिथे ठेवायची मुभा. पुढे मेस्तांनी रॅक शांतपणे संपवला. नवव्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ब्रेकपासून ब्लॅकपर्यंत मेस्तच टेबलावर होते.

लोक परतणाऱ्याच्या धाडसाचं कौतुक करतात. मला कौतुक आहे ते या न मारलेल्या शॉटचं. १-४ मागे असताना मेस्त ०-० सारखेच खेळत होते: तीच चाल, तेवढाच वेळ, तोच चॉक. खेळ बदलला तो धाकट्याचा. एक रॅक हवा होता आणि तो त्याला ताबडतोब हवा होता.

"मग काका, सहाव्या रॅकला मी काय करायला हवं होतं?" आता त्याचा आवाज खाली आला होता.

मेस्तांनी प्लेटमधल्या कांद्याच्या फोडी गाड्याच्या फळीवर मांडायला घेतल्या. लांबच्या कुशनला एक, तिच्यापुढे दोन. "इथे, तुझे तीन शिल्लक असताना. हा सोपा ठेव. त्याच्यावरून व्हाइट आणून ही जोडी फोड. फुटली तर संपव. नाही फुटली तर सोप्याच्या मागे लपव."

"फुटायची शक्यता किती?" मास्तरांनी विचारलं.

"ते तुम्ही काढा," मेस्त म्हणाले आणि आणखी एक फोड सरकवली. पुढच्या रविवारी सातची रेस ठरली आहे, ब्रेक आळीपाळीने.