‘भावना दुखावल्या की गुन्हा झाला’ या समजुतीचा कलमवार प्रतिवाद

एखादं चित्र, विनोद किंवा भाषण वादात सापडलं की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: देवाधर्माची निंदा हा आपल्याकडे गुन्हाच आहे; तक्रार आली की पोलिसांनी ताबडतोब अटक करायलाच हवी; ज्याच्या मनात खोट नाही त्याला या कायद्याची भीती नाही; आणि कायदा आणखी कडक केला तर जमाव रस्त्यावर उतरणार नाही. यातलं एकही विधान टिकत नाही.

‘निंदा हाच गुन्हा’

भारतीय दंड संहितेतलं कलम २९५अ आता भारतीय न्याय संहितेत २९९ झालं आहे (१ जुलै २०२४ पासून). ते वाचताना सगळं लक्ष ‘अपमान’ या शब्दावर जातं, आणि त्याआधीची अट नजरेतून सुटते. नागरिकांच्या एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावनांवर घाला घालण्याचा हेतुपुरस्सर आणि दुष्ट उद्देश हवा, आणि त्या उद्देशाने त्यांच्या धर्माचा किंवा श्रद्धेचा अपमान झालेला हवा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. या कलमात देव फिर्यादी नाही. कायदा जिवंत माणसांबद्दल बोलतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवलं, ते याच अटीच्या आधारावर. अजाणतेपणी किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान या कलमात बसत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. महेंद्रसिंह धोनीला एका मासिकाने मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवलं, त्यावरून झालेली कारवाई न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली, तीही दुष्ट हेतू दिसत नाही म्हणूनच.

प्रार्थनास्थळाची किंवा पवित्र वस्तूची नासधूस (कलम २९८), धार्मिक सभेत व्यत्यय (३००), दफनभूमीत अतिक्रमण (३०१) हे गुन्हे वेगळे आहेत आणि ते असायलाच हवेत. तिथे मूर्ती फुटलेली असते, कबर उकरलेली असते. नुकसान दाखवता येतं, मोजता येतं.

‘भावना कुणाच्याही दुखावल्या तरी पुरे’

नाही. ही कसोटी तर आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाने १९४६ मध्येच भगवतीचरण शुक्ल खटल्यात घालून दिली: शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या मापाने मोजायचा, प्रत्येक टीकेत धोका बघणाऱ्या डळमळीत मनाच्या मापाने नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुन्हा रद्द करताना हीच कसोटी पुन्हा लावली. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या या खासदारांवर जामनगरमध्ये एका कवितेवरून गुन्हा नोंदला होता, आणि त्यात कलम २९९ सुद्धा लावलं होतं.

‘तक्रार आली की अटक करायलाच हवी’

सर्वाधिक नुकसान या गैरसमजाने होतं. कलम २९९ दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे हे खरं. पण दखलपात्र म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, करायलाच हवी असं नाही. अजामीनपात्र म्हणजे जामीन हक्क म्हणून मिळत नाही, न्यायालयाकडे मागावा लागतो.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे याची कारणं पोलिसांनी लिहून ठेवावी लागतात. एरवी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक, तपास आणि खटल्याच्या कार्यपद्धतीचा कायदा, कलम ३५(३)). सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून यात पळवाट उरलेली नाही. त्याच संहितेचं कलम १७३(३) सांगतं की तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. शब्दांवरून होणाऱ्या गुन्ह्यांत ती करणं नेहमीच योग्य, असं प्रतापगढी निकालात म्हटलं आहे. नोटीस आली असेल तर ठरल्या तारखेला हजर राहा आणि हजेरीची लेखी पोच घ्या. गैरहजेरी हेच अटकेचं कारण बनू शकतं.

आणखी एक चाळणी आहे. कलम २९९ खाली खटला चालवायला राज्य किंवा केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २१७). ती नसेल तर न्यायालय गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. गोम अशी की ही मंजुरी एफआयआरला किंवा अटकेला लागत नाही. म्हणजे चाळणी शेवटी लागते, आणि माणूस तोवर कोठडीत जाऊन आलेला असतो.

‘मनात खोट नसेल तर भीती कशाला?’

मार्च २०१२. मुंबईत इर्ल्याच्या चर्चमधल्या क्रूसाच्या पायाशी पाणी ठिबकत होतं आणि लोक ते तीर्थ म्हणून पीत होते. विवेकवादी सनल एडमारुकू यांनी जागा पाहिली आणि तुंबलेल्या सांडपाण्याची ओल केशाकर्षणाने भिंतीतून वर चढते आहे, हे दाखवलं. लोक कसलं पाणी पीत आहेत हे सांगणं हे खरं तर आरोग्याचं काम होतं. त्यांच्याविरुद्ध २९५अ खाली तक्रारी झाल्या, आणि त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले.

१ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये मुनव्वर फारुकी या विनोदी कलाकाराला याच कलमाखाली अटक झाली. आरोप संदिग्ध आहेत आणि अटकेची कार्यपद्धती पाळलेली नाही, हे मुद्दे ऐकून सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीला अंतरिम जामीन दिला. महिन्याभराहून अधिक काळची ही कैद कुठल्याही निकालाने सुनावलेली नव्हती.

‘कायदा कडक केला की जमाव शांत होईल’

हे कलम मुळात आलंच याच आशेने. पैगंबरांवरच्या एका पुस्तिकेचे प्रकाशक राजपाल यांना लाहोर उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये निर्दोष सोडलं. त्यावरून क्षोभ उसळला, आणि त्याच वर्षी सरकारने २९५अ आणलं. कलम लागू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तोच एप्रिल १९२९ मध्ये राजपाल यांचा खून झाला.

त्याच १८६० च्या दंड संहितेचा वारसा पाकिस्तानकडेही गेला. तिथे १९८६ मध्ये २९५क आणून पैगंबरांच्या निंदेला देहान्ताची शिक्षा ठेवली. आसिया बीबी या ख्रिस्ती शेतमजूर बाईचं २००९ मध्ये पाणी पिण्यावरून सोबतच्या बायकांशी भांडण झालं, त्यातून आरोप झाला आणि २०१० मध्ये फाशी सुनावली गेली. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना जानेवारी २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. मर्दानच्या विद्यापीठात एप्रिल २०१७ मध्ये मशाल खान या विद्यार्थ्याला निंदेच्याच आरोपावरून जमावाने ठार केलं. देहान्ताची शिक्षा पुस्तकात असूनही जमाव थांबला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये आसिया निर्दोष सुटली, तरी मे २०१९ मध्ये कॅनडाला पोहोचेपर्यंत तिला लपूनच राहावं लागलं.